पैठणहून आणलेलं मशीन

चिकलठाण्याच्या गाळ्याचं शटर वर सारलं की आधी वास येतो. तापलेल्या धुळीचा, फुगलेल्या प्लायवुडचा, उंदरांचा. आणि या सगळ्यांच्या तळाशी पिक्चर ट्यूबचा तो एक वास, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. मी रविवारी येते, शाळेला सुट्टी असते म्हणून. आत चादरी पांघरून मशीनं उभी असतात. नाणं टाकून खेळायची, व्हिडिओ गेमची मशीनं. कपाटाएवढी उंच, आमच्या लहानपणी गल्लोगल्ली होती ती. माझ्या धाकट्या भावानं, विजूनं, गावोगाव फिरून ती जमवली आणि इंटरनेटवरच्या लिलावात विकली. विकायची राहिली ती इथं आहेत. विजू नाही. आता ती लिलावात मी लावते.

एक चादर काढायची. ओल्या फडक्यानं काच पुसायची. मागं पांढरं बेडशीट टांगून फोटो काढायचे, जसे विजू काढायचा. फोटोत मशीन असतं त्याहून एकटं दिसतं. मग कधीतरी, वर्गात मुलं खाली मान घालून गणितं सोडवत असताना, टेबलावरचा फोन थरथरतो. लिलाव संपलेला असतो. घेणारा कुणी बेंगळुरूचा असतो, कुणी गुडगावचा. ट्रक येतो, मशीन जातं, आणि गाळ्यात एक चौकोन रिकामा होतो. त्या चौकोनातली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ असते. तिच्यावर पाय द्यायला मला नको वाटतं.

औरंगाबादला, गुलमंडीच्या मागच्या बोळात अप्पांचं दुकान होतं. अप्पा म्हणजे आमचे वडील. देवगाव रंगारीची शेती भावांच्या हवाली करून ते शहरात आले आणि गावात कुणी ऐकलाही नसेल असा धंदा त्यांनी काढला. दुकानाला पाटी नव्हती. पोरं नुसतं 'अप्पाकडं' म्हणायची. समोर इमरतीची भट्टी, शेजारी अत्तरवाला. त्यामुळे दुकानात शिरलं की तापल्या तुपाचा, गुलाबाचा आणि घामेजलेल्या शाळेच्या शर्टांचा असा एक मिळून वास यायचा. तसा वास पुन्हा कुठं आला नाही.

दुकान उघडायच्या आधीची सकाळ मात्र आम्हा दोघा भावंडांची होती. अप्पा बोळात पाणी शिंपडायचे आणि आत येऊन एकेका मशीनचं बटण दाबत जायचे. आधी ट्यूबची ती बारीक शीळ यायची, लहान मुलांनाच ऐकू येईल अशी. विजू कानावर हात ठेवून हसायचा. मग काच काळ्याची राखाडी व्हायची आणि एकदम रंग. प्रत्येक मशीनचं आपलं एक गाणं होतं. सगळी गाणी एकाच वेळी सुरू झाली की जो कल्ला व्हायचा, तो मला आजही देवळातल्या आरतीपेक्षा जास्त आठवतो.

अप्पांकडं रुपयाची काही नाणी होती, आईच्या नेलपॉलिशनं लाल रंगवलेली. ती घरची नाणी. त्यांच्यावर आम्ही खेळायचो, आणि संध्याकाळी गल्ला उघडला की ती वेगळी काढून अप्पा परत डबीत टाकायचे. खेळ झाला की अप्पा उदबत्ती ओवाळायचे. मशीनला उदबत्ती खोचायला फट नव्हती. म्हणून दाराशी असलेल्या पहिल्या मशीनच्या बटणांपाशी, डाव्या कडेला, ते ती आडवी ठेवून द्यायचे. जळतं टोक कधी कधी टेकायचं आणि सनमायका करपायचा. वर्षानुवर्षांत तिथं काळ्या ठिपक्यांची एक ओळ तयार झाली होती, मुंग्या चालल्यासारखी.

दुकान उघडलं की मला घरी जायला लागायचं. मुलींनी तिथं थांबायचं नसे. विजू थांबायचा. जास्त गुण झाले की मशीन तुमचं नाव विचारायचं, तीनच अक्षरं घालता यायची. विजू दिवसभर त्या तीन अक्षरांसाठी झुंजायचा आणि संध्याकाळी, दुकान मिटायच्या वेळी, रडकुंडीला यायचा. कारण मशीन बंद केलं की नावं पुसली जायची.

"अप्पा, आजच्या दिवस चालू राहू द्या ना."

"आरं, उद्या परत लिही की. नाव काय पळून चाललंय का तुझं?"

उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि त्या ओल्या वासात पोरं तासन् तास उभी राहायची. दसऱ्याला प्रत्येक मशीनला झेंडूची माळ पडायची, नाणं टाकायच्या फटीवर आपट्याचं पान. परीक्षा जवळ आल्या की अप्पा दारात उभे राहून गिऱ्हाईक परत पाठवायचे. "दहावीचं वरीस ना तुझं? चल, निघ. तुझा बाप मला शिव्या देईल." असा धंदा किती दिवस चालणार!

एका उन्हाळ्यात दुकान बंद झालं. का झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. टेम्पो आला. मशीनं आडवी घातली, तेव्हा त्यांच्या पोटातून काहीतरी सुटं गडगडल्याचा आवाज झाला. विजू टेम्पोमागं पैठण गेटपर्यंत पळाला आणि तिथून त्याला कुणी ओळखीच्यानं सायकलवर घरी आणून सोडलं. पुढं अप्पा कापडाच्या दुकानात नोकरीला लागले. घरात त्या मशीनांचं नाव निघेना झालं. आई गेली, त्या दिवसांतसुद्धा, जुनं सगळं बोलून झालं तरी ते तेवढं कुणी बोललं नाही.

विजू मोठा होऊन वाळूजच्या कंपनीत लागला. मग एके दिवशी तो दुपारीच घरी आला, आणि पुन्हा कामावर गेला नाही. कित्येक महिने तो भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली तर उठायचा, जेवायचा, परत पडायचा. लग्न राहूनच गेलं होतं. अप्पा दाराशी बसून पेपर वाचत असल्यासारखं करायचे. मी संध्याकाळी शाळेतून परस्पर माहेरी जायचे आणि तिघांचा चहा करायचे. चहाच्या कपांचा तेवढा आवाज व्हायचा.

त्या पडून राहण्यात कधीतरी फोनवर त्याला तो लिलाव दिसला. मी गेले तर तो पलंगावर उठून बसलेला होता.

"ताई, हे बघ. असलं मशीन. लोक बोली लावायलेत याच्यावर!"

"भंगारावर?"

"भंगार नाय गं. ज्यांनी लहानपणी खेळलं त्येच घ्यायलेत आता." मग फोन खाली ठेवत म्हणाला, "आपलंबी कुठंतरी असंलच ना?"

इतक्या महिन्यांनी त्याच्या आवाजात जीव आला होता. मी काहीही कबूल केलं असतं.

असा त्याचा तो धंदा सुरू झाला. जालना, सिल्लोड, कन्नड, वैजापूर. बंद पडलेल्या थिएटरांचे व्हरांडे, लॉजच्या जिन्याखालच्या जागा, शेतातल्या कोंबड्यांच्या खोल्या. कुठं मशीनमध्ये ज्वारीची पोती ठेवलेली, कुठं मांजर व्यालेलं. आणलेलं मशीन शहागंजचे रशीदचाचा दुरुस्त करायचे. टेम्पोतून आणताना विजू कधी पुढं ड्रायव्हरशेजारी बसला नाही. मागं, मशीनला हात लावून उभा राहायचा. म्हणायचा, दोरीचा भरवसा नाही.

घरात तो पुन्हा हसायला लागला. लिलाव संपत आला की आम्हा दोघांची डोकी एका फोनवर. शेवटच्या मिनिटाला आकडे बदलायला लागले की तो लहानपणीसारखा माझा दंड आवळायचा. अप्पा दाराशी बसलेलेच असायचे. एकदा मला एकटीला म्हणाले, "माय, ह्याला कुठं नोकरीचं बघायला सांग. हे असं जुनंपानं उकरून माणूस उभा ऱ्हात नाय."

पैठणच्या मशीनचा पत्ता एका साडीवाल्यानं सांगितला. त्या दिवशी रविवार होता, मीही बरोबर गेले. विणकराचं घर. पुढच्या खोलीत माग, त्याचा खट् खट् आवाज, आणि मागच्या खोलीत, मोरीच्या शेजारी, भिंतीकडं काच केलेलं एक मशीन. वर पाण्याचे हंडे.

"आमच्या दिराचा नाद व्हता त्यो," घरची बाई म्हणाली. "दीर सुरतेला गेले. ह्याचं आमी काय करावं? हंडे ठिवायला बरं पडतं."

विजूनं हंडे उतरवले. मशीन ओढून फिरवलं. ओल धरून खालचं प्लायवुड सुटलं होतं. त्यानं रुमाल पाण्यात बुडवला आणि बटणांची पट्टी पुसायला लागला. पुसता पुसता त्याचा हात थांबला. डाव्या कडेला काळे ठिपके. एकामागं एक, वाकडी ओळ.

माझं बोट धरून त्यानं त्या ठिपक्यांवरून फिरवलं. मग त्या मोरीशेजारीच खाली बसला आणि रडायला लागला. बाई घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागाचा आवाज बंद झाला.

ते मशीन गाळ्यावर न नेता त्यानं सरळ घरी आणलं. रशीदचाचांना तिथंच बोलावलं. त्यांनी आतली धूळ फुंकली, कुठं काय काय जोडलं आणि म्हणाले, "ट्यूब जिंदा है मियाँ. बस आवाज बैठ गई इसकी." दोन दिवस ते खपत होते. अप्पा त्या दोन दिवसांत मागच्या दारानंच येत-जात राहिले. मग संध्याकाळी विजूनं बटण दाबलं. शीळ आली की नाही ते मला कळलं नाही, ते वय गेलं होतं. पण काच राखाडी झाली, आणि रंग आले, आणि ते गाणं अर्धवट, घसा बसल्यासारखं, आमच्या बैठकीत वाजायला लागलं.

"अप्पा, या ना. बघा की काय आणलंय."

अप्पा आले. उभे राहिले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"कुणाचंय?"

"कुणाचं काय! आपलंय. दाराशीचं पहिलं. हे डाग बघा, तुमच्या उदबत्तीचे."

अप्पांनी डागांकडं बघितलं. हात लावला नाही.

"डाग काय, कुठल्याबी मशीनला असतेत," ते म्हणाले. "हे माझं नाय."

"अप्पा, नीट बघा—"

"बघितलं. नाय म्हणलं ना. माझं नाय हे."

आणि दाराशी जाऊन बसले. विजू तसाच उभा. मशीन वाजत होतं. रशीदचाचांनी पुढं होऊन ते बंद केलं आणि विजूच्या खांद्यावर हात ठेवला. "अब्बा नहीं बोले, तो नहीं. कायकू जिद करते?"

विजूनं विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भांडला असता. पण ज्या माणसानं ती उदबत्ती ठेवली तोच नाही म्हणत होता. काही दिवसांनी त्यानं ते लिलावात लावलं. इंग्रजी नेहमी मीच लिहून द्यायचे. मापं झाली, ट्यूबची स्थिती झाली, डाव्या कडेला करपल्याचे किरकोळ डाग. शेवटी एक रकाना असायचा, पूर्वी कुणाचं होतं, कुठं होतं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"माहिती नाय, लिही."

मी लिहिलं. पुण्याच्या कुणीतरी घेतलं. ट्रक आला तेव्हा विजू बाहेर गेला होता, मीच सही केली.

त्यानंतर त्याचं हिंडणं वाढलं. आपलं मशीन अजून कुठंतरी आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. आता तो आणखी लांब जायला लागला. घाटाखाली चाळीसगावकडं एका बंद थिएटरात तसंच एक मशीन आहे, असं त्याला कुणी सांगितलं. त्यानं तिकडून मला फोन केला. वाऱ्याचा आवाज येत होता. "ताई, ह्याच्यावरबी डाग हैत गं. पण उजवीकडं हैत. आपले डावीकडंच व्हते ना?"

"डावीकडंच," मी म्हणाले.

"मग हे बी नसंल. पण घेऊन येतो. अप्पाला दाखवून बघू."

कन्नडच्या घाटात धुकं होतं, एवढं नंतर कळलं. टेम्पो उलटला. ड्रायव्हर वाचला. विजू मागं उभा होता.

त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. सरकारी दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाच्या निंबोळ्या आठवतात, पायाखाली फुटत होत्या. रशीदचाचा आठवतात, कुंपणाला टेकून उभे, टोपी हातात. अप्पा रडले नाहीत. विजूचे कपडे आणून दिले त्यांची घडी घालत बसले होते. घातलेली घडी मोडायचे, परत घालायचे.

वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले. मी भांडी आवरून पदराला हात पुसत बाहेर आले, तर अप्पा दाराशी नेहमीच्या जागी.

"माय, ते पैठणचं मशीन कुठं गेलं?"

"पुण्याला. का?"

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझंच व्हतं ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"टेम्पोतनं उतरायलं तवाच वळखलं मी. मागच्या दारानं जायचो-यायचो, म्हणलं आपल्याच्यानं लपायचं नाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "व्हय म्हणलो असतो तर त्यानं परत दुकान काढलं असतं. मला ठावं व्हतं त्याचं. मी त्या धंद्यात बुडालो, मला म्हायती हाये ना कसं असतं ते. म्हणलं, नाय म्हणावं. त्याचा नाद तुटंल. कुठं नोकरीला लागंल."

मी उंबऱ्यावर खाली बसले. मला खूप राग आला होता, आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना. समोर सत्तरी उलटलेला, हाताच्या शिरा दिसणारा माणूस होता.

"आणि त्यो हुडकीतच ऱ्हायला," अप्पा म्हणाले. "मला एकदा दाखव ते. कुठं हाये तिथं घेऊन चल."

लिलावाच्या जुन्या निरोपांतून पत्ता काढला. पुण्यात, बाणेरच्या बाजूला एक हॉटेल होतं. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. अप्पांनी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी.

हॉटेल चकचकीत होतं. भिंतीवर जुने रेडिओ, सायकलचे दिवे, पत्र्याच्या जाहिराती. कोपऱ्यात मशीन. मी ते ओळखलं नसतं. अंगाला झळझळीत पिवळा रंग, पिक्चर ट्यूबच्या जागी सपाट पडदा, बटणांची पट्टी नवी कोरी. नाणं टाकायची फट बुजवून गुळगुळीत केलेली. दोन मुलं खेळत होती. मालक तिशीतला, हसतमुख, बोलायला चांगला.

"आतलं सगळं बदललंय काका. आता हजार गेम्स आहेत, आणि फुकट. फक्त बॉडी ओरिजिनल आहे. तुम्हाला आवडतात का अशा जुन्या वस्तू?"

अप्पा मशीनपाशी गेले. मुलं बाजूला झाली. त्यांनी डाव्या अंगाला तळहात टेकवला, बैलाच्या पाठीवर टेकवतात तसा, आणि म्हणाले, "माझंय हे."

"म्हणजे?"

"माझ्या दुकानातलं. औरंगाबादला दुकान व्हतं माझं, गुलमंडीच्या मागं. दाराशी उभं असायचं हे. पहिलं."

"काय सांगता!" मालकाला खरंच आनंद झाला. "आम्हाला लिलावात लिहून आलं होतं, काही माहिती नाही म्हणून. काका, एक फोटो काढू? इथंच लावतो, मशीनच्या वर. गिऱ्हाइकांना लई भारी वाटेल." त्यानं एका पोऱ्याला हाक मारून फोन घेतला. अप्पा मशीनशेजारी उभे राहिले. टोपी नीट केली. मालकानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "नाव काय लिहू काका? तुमचं आणि दुकानाचं?"

"माझं नाव लिहा. दुकानाला नाव नव्हतं." मग मशीनकडं हात करून, "माझ्या पोरानं हुडकलं हे. विजय त्याचं नाव. त्ये बी लिहा."

त्यानं लिहून घेतलं. आमच्याकडून जेवणाचं काही घेतलं नाही, दारापर्यंत पोचवायला आला, पुन्हा या म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

परतीची एसटी भरलेली होती. आम्हाला मागची जागा मिळाली. नगर गेलं, अंधारायला लागलं, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांमागं गाडी रेंगाळत चालली. अप्पा खिडकीच्या गजाला धरून बसले होते. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"माय," ते म्हणाले, "त्या हाटेलवाल्याला म्हणलो ना मी. माझंय म्हणून."

"हो अप्पा."

"किती येळ लागला गं म्हणायला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते बाहेरच बघत होते.

"काहीच नाय लागला," अप्पा म्हणाले. "लई सोपं व्हतं."

नेवासा फाट्याला गाडी थांबली. चहाला दहा मिनिटं, असं कंडक्टर ओरडला. गाडी रिकामी झाली. आम्ही दोघंही उतरलो नाही.